कोयरी ते कपाळ : कार्टून-मालिकांच्या निर्मितीविषयी एक संवाद

आक्षेपक : दूरचित्रवाणीसाठी तयार होणाऱ्या कार्टून-मालिकेला कलानिर्मिती म्हणण्याआधी तिच्या उत्पादनाचा हिशेब मांडावा लागेल. आपल्याकडे दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चौकटी दाखवते. म्हणजे ११ मिनिटांच्या एका भागात १६,५०० चौकटी येतात आणि एकच चित्र दोन चौकटी टिकवण्याची नेहमीची काटकसर केली, तरी ८,२५० चित्रे काढावीच लागतात. ५२ भागांची मालिका ठरली की हा आकडा चार लाखांच्या पुढे जातो. इतकी चित्रे एका हाताने होणे शक्य नसल्यामुळे काम तुकड्यांत वाटले जाते. कथा एक जण लिहितो, ती स्टोरीबोर्डवर, म्हणजे ओळीने मांडलेल्या रेखाचित्रांत, दुसरा उतरवतो. पात्र समोरून, बाजूने आणि पाठमोरे कसे दिसेल याचा नमुनातक्ता तिसरा आखतो. हालचालीतील ठळक अवस्था, ज्यांना या व्यवसायात ‘की’ म्हणतात, त्या चौथा काढतो आणि दोन ‘की’च्या मधली चित्रे, म्हणजे ‘इन-बिट्वीन’, पाचवा भरतो. आता तर पात्राचे डोके, हात, पाय सुटे करून त्यांना संगणकावर बाहुलीसारखे सांधे दिले जातात. या सांधेबंद पात्राला ‘रिग’ म्हणतात, आणि ते एकदा तयार झाले की मधली बरीचशी चित्रे यंत्रच भरून टाकते. ज्या कामात पाचव्या माणसाने पहिल्याचे तोंडही पाहिलेले नसते, ते काम कौशल्याचे आहे हे मान्यच. पण कौशल्य आणि निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गीतांजली राव यांचा २००६ चा ‘प्रिंटेड रेनबो’ पाहिला की हा फरक कळतो. काडेपेट्या जमवणाऱ्या एकाकी वृद्धेची ती छोटीशी गोष्ट, आणि तिची चौकट न् चौकट एकाच चित्रकर्तीच्या हाताखालून गेलेली आहे. मालिकेच्या चार लाख चित्रांमागे असा हात कोणाचा दाखवता येईल?

समर्थक : हात एकच असला पाहिजे, ही अट आपल्या परंपरेने कधी घातलेली दिसत नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी घ्यावेत. तिथे चित्रे एकाने रंगवलेली असतात आणि ती एकामागून एक पुढे करत, वाद्याच्या साथीने, कथा सांगणारा दुसराच असतो; कित्येकदा तर पोथीतील चित्रे आधीच्या पिढीची असतात आणि आवाज आजच्या पिढीचा असतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली, तीही सगळ्या घराची कमाई होती. काचपट्ट्यांवर हातांनी रंगवलेली चित्रे कंदिलाच्या झोतात पडद्यावर टाकायची, ती अशा बेताने बदलायची की पाहणाऱ्याला चित्रातले पात्र हलल्याचा भास व्हावा, आणि सोबत निवेदन व संगीत द्यायचे, असा तो खेळ होता. चित्रपट भारतात येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. दादासाहेब फाळके यांचे उदाहरण मात्र वेगळे आहे. ‘अंकुराची वाढ’ टिपताना त्यांनी रोजच्या रोज थोड्याच चौकटी घेऊन कित्येक दिवसांचा काळ मिनिटभरात आणला आणि १९१५ च्या सुमाराच्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्या चौकटी-चौकटीने सरकवून नाचत्या केल्या. यात लक्षात घेण्याजोगे हे आहे की काडी फाळक्यांनी घडवलेली नव्हती आणि अंकुरही त्यांनी रंगवलेला नव्हता. त्यांनी घडवला तो काळ. एका अवस्थेपासून दुसऱ्या अवस्थेपर्यंत किती चौकटी जाव्यात, हा निर्णय म्हणजेच अ‍ॅनिमेशन. तो निर्णय नोंदवण्यासाठी या व्यवसायात ‘एक्स्पोजर शीट’ नावाचा उभ्या रकान्यांचा तक्ता असतो. त्यात प्रत्येक चौकटीसमोर कोणते चित्र, तोंडाचा कोणता आकार आणि कोणता ध्वनी, हे लिहिलेले असते. आपण चित्रे मोजलीत. निर्मिती शोधायची असेल तर हा तक्ता वाचायला हवा.

आक्षेपक : तक्त्यातही आधी काटकसरच वाचायला मिळते. दूरचित्रवाणीचे कार्टून अमेरिकेत उभे राहिले, ते चित्रपटगृहांसाठीच्या कार्टूनपटांवर होणारा खर्च परवडेनासा झाला तेव्हा. हॅना-बार्बेरा या जोडीने १९५७ पासून जी पद्धत रुळवली तिला ‘मर्यादित अ‍ॅनिमेशन’ म्हणतात. शरीर स्थिर ठेवायचे आणि फक्त तोंड, पापण्या किंवा एखादा हात हलवायचा. त्यांच्या प्राण्यांच्या गळ्यात कॉलर आणि टाय दिसतात, कारण तिथे डोके धडापासून तोडता येते आणि दोन्ही पुन्हा जोडल्याची रेघ झाकली जाते. जपानमध्ये ओसामु तेझुका यांनी १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला देण्यासाठी हाच रस्ता धरला. ज्या टायचे कारण पात्राच्या स्वभावात नसून हिशेबाच्या वहीत आहे, त्या टायला कलात्मक निवड म्हणणे म्हणजे गरिबीला शैलीचे नाव देणे होय.

समर्थक : गरिबीतून शैली जन्मू शकत नाही, असे ठरवले तर वारली भिंतीवरचे दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ यांचे काय करायचे? पण हा मुद्दा उदाहरणाशिवाय सुटणार नाही. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. दौंड–सोलापूर लोहमार्गावरचे ते एक स्थानक आहे. समजा, एखादी मालिका केममधल्या एका घरात घडते आणि तिच्यात हळदीकुंकवाचा प्रसंग आहे. एक बाई दुसरीला कुंकू लावते, एवढीच कृती. तीन सेकंद, म्हणजे ७५ चौकटी. ज्याने हे कधी पाहिलेले नाही तो रिगचा हात कोयरीपासून कपाळापर्यंत सरळ फिरवील, आणि यंत्र मधली चित्रे एकसारख्या वेगाने भरून देईल. पाहणाऱ्याला हात हललेला दिसेल. कुंकू लावलेले दिसणार नाही. ज्याने पाहिलेले आहे, त्याचा तक्ता वेगळा असेल. बोट कोयरीत जायला ८ चौकटी. जास्तीचे कुंकू काठाला टिपून निघायला १२. कपाळापर्यंत पोहोचायला १७, त्याही सारख्या वेगाच्या नव्हेत, सुरुवातीला चटकन आणि कपाळाजवळ सावकाश, कारण समोरची बाई त्याच वेळी मान किंचित पुढे करून पापण्या मिटत असते. मग १८ चौकटी बोट कपाळावर टेकलेले, काहीच हलत नाही. मागे यायला १०. आणि शेवटच्या १० मध्ये समोरचीची नजर वर उठते. बेरीज ७५ च होते. कदाचित चित्रे पहिल्यापेक्षा कमीच लागतील. पण त्या १८ स्थिर चौकटींत दोन बायकांचे नाते आहे. सासू-सुनेचा प्रसंग असेल तर त्या १८ च्या जागी २४ लागतील, आणि घाईने निघालेल्या शेजारणीसाठी ६ सुद्धा पुरतील. मर्यादित अ‍ॅनिमेशनने निर्मात्याकडून चित्रे काढून घेतली, हे खरे. त्याबरोबरच प्रत्येक स्थिर चौकटीला अर्थ देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली, हेही तेवढेच खरे आहे.

आक्षेपक : उदाहरण सुंदर आहे, आणि म्हणूनच ते मूळ आक्षेप पक्का करते. अशा प्रसंगाची मालिका कोठे आहे? मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओतून २०१२ पासून येणारी ‘मोटू पतलू’ ही मालिका महाराष्ट्रातल्या घराघरांतली मुले पाहतात. ती घडते फुरफुरीनगरात. ते गाव मुद्दामच कोणत्याही नकाशावर ठेवलेले नाही, कारण ते सगळ्या भाषांत विकायचे आहे. हैदराबादहून २००८ मध्ये आलेल्या ‘छोटा भीम’चे ढोलकपूरही तसेच. त्या गावांत रस्ता आहे, पण कोणत्या मातीचा ते सांगता येत नाही. घरे आहेत, पण त्यांच्या उंबरठ्यावर काय रेखाटतात ते कळत नाही. हा दोष कोणा चित्रकाराच्या अंगी नाही, तो मागणीतच भरलेला आहे. केममधली मुलगी ही मालिका पाहते तेव्हा तिला तिचे घर दिसत नाही, तिच्या आईची कुंकवाच्या पुड्या भरण्याची पद्धत दिसत नाही आणि तिची बोलीही ऐकू येत नाही. १८ चौकटींचा निर्णय घेऊ शकणारा माणूस महाराष्ट्रात आहे, हे मान्य केले तरी त्याला तो निर्णय घेण्याची जागा कोणत्या तक्त्यात आहे?

समर्थक : अशी जागा पूर्वी होती, आणि तिचा इतिहास आपण समजतो त्यापेक्षा जवळचा आहे. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली १९५७ मध्ये जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला. रसायनशास्त्र शिकलेले राम मोहन याच विभागात अ‍ॅनिमेशन शिकले आणि पुढे त्यांनी मुलींच्या शिक्षणाची गोष्ट सांगणाऱ्या युनिसेफच्या ‘मीना’ला रूप दिले. पण या वादात सर्वांत उपयोगी पडेल तो १९७४ चा ‘एक अनेक और एकता’. मूळ कल्पना आणि मांडणी विजया मुळे यांची, संगीत वसंत देसाई यांचे, चित्रे भीमसेन यांची, आणि लहान वयातल्या साधना सरगम यांचा आवाज. दूरदर्शनवर तो वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा दाखवला गेला. त्यात चित्रे थोडी आहेत आणि पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. तरीही पक्षी जाळ्यासकट उडतात तो क्षण एका सबंध पिढीच्या डोळ्यांपुढे आजही उभा राहतो. याचे कारण असे की गाणे आधी ध्वनिमुद्रित झाले आणि चित्र त्या ठेक्यावर बसवले गेले. या कामाचा क्रमच असा आहे : प्रथम आवाज, मग त्या आवाजाची चौकटींत मोजणी, आणि शेवटी चित्र. मुले ज्याला चित्र म्हणून पाहतात ते खरे तर आधी ऐकलेले असते.

आक्षेपक : आपण स्वतःच नेमकी दुखरी जागा दाखवून दिलीत. चित्र जर आवाजावर बसत असेल तर ते कोणत्या भाषेच्या आवाजावर बसले, हा प्रश्न टाळता येणार नाही. ‘एक अनेक’मागे मराठी माणसे होती, पण त्याची भाषा हिंदी. आज मुलांच्या काही वाहिन्यांवर मराठी ध्वनिपट निवडता येतो, त्यामुळे प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. तो सुटलेला नाही. हिंदी मालिकेतले मूल आईला हाक मारते तेव्हा त्याचे ओठ आधी मिटतात, कारण ‘माँ’मधला ‘म’ ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाही. मराठी मूल ‘आई’ म्हणते तेव्हा तोंड पहिल्या क्षणापासून उघडे असते आणि दुसऱ्या स्वराला ओठ रुंद होतात. ओठ मिटतच नाहीत. एक्स्पोजर शीटमध्ये तोंडाचे आकार क्रमाने लिहिलेले असतात. हिंदीसाठी लिहिलेला तो क्रम मराठी आवाजाखाली तसाच राहतो, आणि पडद्यावरचे मूल मिटलेल्या ओठांनी ‘आई’ म्हणू लागते. एका शब्दाचे हे असे. मग वाक्याच्या शेवटी रेंगाळणाऱ्या ‘ना’चे, बोलता बोलता मध्येच ‘अगं’ म्हणून वळणाऱ्या मानेचे काय? ध्वनिपट मराठी झाला म्हणजे मूल मराठीत हलू लागते, असे होत नाही. पुण्याची बालचित्रवाणी मराठी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करण्याकरता १९८४ मध्ये उभी राहिली, आणि २०१७ मध्ये बंद झाली. त्यानंतर हा आवाज चौकटींत मोजणारी सार्वजनिक संस्था मराठीत उरली आहे, असे म्हणण्याला आधार सापडत नाही.

समर्थक : ‘आई’चे हे निरीक्षण इतके नेमके आहे की ते मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष पूर्ण स्वीकारता येत नाही. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आलेली ‘जंगल बुक’ जपानमध्ये रेखाटली गेली होती. त्यातले प्राणी जपानी संवाद धरून आखलेले होते. पण हिंदीत शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला आणि त्या वाघाची चालच बदलली, असे पाहणाऱ्यांना वाटले. चौकट एकही बदलली नव्हती. बदलली होती ती पाहणाऱ्याच्या मनातली मोजणी : शब्दामागचा विराम, दोन वाक्यांमधले दाबलेले हसणे. म्हणजे काळ घडवण्याचे काम काही अंशी आवाजाकडेही असते, आणि तो आवाज नंतर आला म्हणून निर्मिती संपत नाही.

आक्षेपक : वाघाच्या जबड्यात कोणतीही भाषा मावते, कारण वाघ बोलताना ओठ कसे मिटवतो हे कोणालाच माहीत नाही. माणसाचे मूल बोलू लागले की ही सवलत संपते. प्राण्यांची कार्टून सहज देशोदेशी फिरतात आणि माणसांच्या कार्टूनना आपले गाव सोडताना अवघड जाते, त्यामागे हेही एक कारण असावे.

समर्थक : मग या कसोटीवर असे म्हणता येईल की माणसांचे, बोलणाऱ्यांचे कार्टून हे एखाद्या भाषेचे साहित्यच आहे, आणि अनुवादात त्याची तशीच हानी होते जशी कवितेची होते. हे मान्य झाले तर आपला पहिला आक्षेप मागे पडतो. ज्याची अनुवादात हानी होते ते कारखान्याचे उत्पादन असू शकत नाही. साबणाची वडी करमाळ्यात विकली काय आणि कटकमध्ये विकली काय, तिचे काहीच कमी होत नाही.

आक्षेपक : आक्षेप मागे पडतो, असे म्हणण्यापेक्षा तो जागा बदलतो, असे म्हणावे. हे काम निर्मितीचे होऊ शकते, ही गोष्ट आता मान्य. ते निर्मिती म्हणून होऊ दिले जाते का, हा उरलेला प्रश्न आहे, आणि तिथे आपल्याच उदाहरणाकडे परत जावे लागते. कोयरी ते कपाळ या प्रवासात सर्वांत मोलाच्या कोणत्या चौकटी, तर ज्यांत काहीच हलत नाही त्या १८. आता खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर त्या सर्वांत स्वस्त आहेत. एकच चित्र, १८ वेळा. सुरुवातीला केलेला चार लाख चित्रांचा हिशेब त्यांना लागूच पडत नाही. तेव्हा पैसा नाही म्हणून त्या मिळत नाहीत, हे उत्तर खोटे ठरते, आणि या संवादाच्या आरंभी तेच उत्तर गृहीत धरले गेले होते, हे कबूल करायला हवे. त्या मिळत नाहीत, कारण पडदा पाऊण सेकंद स्थिर राहिला तर मूल दुसऱ्या वाहिनीकडे जाईल, अशी भीती ती मालिका विकत घेणाऱ्याला असते. म्हणून प्रत्येक रिकाम्या जागेत ढोल वाजतो, पात्र आदळते, डोळे बाहेर येतात. टंचाई विश्वासाची आहे.

समर्थक : आणि विश्वास मागायचा असेल तर आधी काही दाखवावे लागेल, हेही खरे. मुंबईच्या पवई येथील आयआयटीत वर्षानुवर्षे अ‍ॅनिमेशन शिकवले जाते. तिथेच पूर्वी शिकवणाऱ्या नीना सबनानी यांच्या ‘हम चित्र बनाते हैं’ने भिल्ल चित्रकाराच्या रेषा जशाच्या तशा हलत्या केल्या आणि त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जी रेषा मूळची स्थिर, तिला कोणत्या वेगाने हलवायचे, हे त्या रेषेच्या मालकांबरोबर बसून ठरवले गेले. हीच रीत कुंकवाच्या घरात का नेता येऊ नये? रिगमुळे मधली चित्रे यंत्राकडे गेली, याचे दुःख आपण सुरुवातीलाच मांडलेत. पण त्यातूनच असेही घडू शकते की ज्या बाईने हजार वेळा कुंकू लावले आहे, तिला चित्र काढता येत नसले तरी तक्त्यासमोर बसवून विचारता येईल, बोट किती वेळ टेकले पाहिजे. ती ‘अजून थोडं’ म्हणेल, आणि १८ चे २० होतील. तेवढ्यापुरती निर्माती तीच.

आक्षेपक : तिला विचारले गेले तर. आणि विचारणारा तिचे उत्तर घेऊन मुंबईला गेला, तिथे त्या २० चौकटी जपल्या गेल्या, वाहिनीने त्या कापल्या नाहीत आणि शेवटी मालिका मराठीतच ध्वनिमुद्रित झाली तर. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी ‘यात हलते काय आहे?’ असे विचारणारच. त्याला काय सांगायचे?

समर्थक : समोरची बाई पापण्या मिटून थांबली आहे, एवढेच सांगता येईल. ते त्याला दिसले तर पुढचे बोलणे होऊ शकते.

आक्षेपक : आणि नाही दिसले, तर तक्त्यातला तो आकडा खोडण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहील. तो अधिकार कोणाकडे असावा, याचे उत्तर आपल्याही बोलण्यात अजून आलेले नाही.